काचेच्या पेटीतली कारणमीमांसा : फिश टँकमधली झाडं का वाढत नाहीत?



विषयाची पाटी वाचून काहींनी विचारलं, सर, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाचं फिश टँकशी काय काम? प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर वर्गात एकच गोष्ट निरनिराळ्या अंगांनी शिकवत आलो: एखाद्या गोष्टीचं कारण कशाला म्हणायचं, आणि ते ओळखायचं कसं. आणि कारण ओळखण्याचा सराव करायला गोड्या पाण्याच्या, झाडं लावलेल्या टँकसारखी जागा नाही. शेतात ऊन, वारा, पाऊस यांतलं काहीच आपल्या हातात नसतं. इथे प्रकाश, पाणी, खत, हवा सगळं आपण ठरवतो. तरीही झाडं मरतात. म्हणजे चूक शोधण्यासारखी आहे आणि शोधली तर सापडणारी आहे.

न्हावा शेव्याला बंदराच्या वसाहतीत राहणाऱ्या एका निवृत्त गृहस्थांनी मला त्यांच्या टँकची हकीगत सांगितली. अडीच फुटी टँक, साधारण शंभर लिटर पाणी. व्हॅलिस्नेरिया जोरात, पण रोटालाचे शेंडे पांढरट पिवळे, अनुबियासच्या पानांवर काळं केसाळ शेवाळ. त्यांनी एकाच आठवड्यात दिव्याचे तास सहाचे दहा केले, खताच्या तीन बाटल्या आणल्या आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर जोडला. तो रात्रभर चालू राहिला. सकाळी सात मासे मेलेले. ते म्हणाले, "आता हे सगळं विकून टाकतो, आपल्या हाताला झाडं लागत नाहीत." हाताला झाडं लागत नाहीत, हे काही निदान नव्हे. आज आपण निदान कसं करायचं ते बघू, आणि त्यांच्या टँककडे परत येऊ.

आधी न्यायशास्त्रातलं गाढव

आपल्या नैयायिकांनी कारणाचा फार बारकाईनं विचार केला आहे. कुंभार घट करतो. माती कारण, चाक कारण, दंड कारण. पण माती वाहून आणणारं गाढव? ते तिथे होतं, घटाच्या आधी होतं. तरी ते घटाचं कारण नाही, कारण माती डोक्यावरून आणली असती तरी घट झालाच असता. याला ते 'अन्यथासिद्ध' म्हणतात. फिश टँकच्या छंदात अशी गाढवं फार. नवी बाटली ओतली आणि पंधरा दिवसांनी झाडं सुधारली, की श्रेय बाटलीला. मधल्या काळात आपण दोनदा पाणी बदललं आणि फिल्टर धुतला, हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी कल्पना 'उपाधी'ची. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे चूक. तापून लाल झालेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओलं सरपण लागतं. ही लपलेली अट म्हणजे उपाधी. आता हेच टँकला लावा. "जास्त प्रकाश दिला की झाडं जास्त वाढतात." खरं आहे, पण कार्बन आणि पोषण पुरेसं असेल तरच. ते नसेल तर तो जादा प्रकाश शेवाळाच्या कामी येतो. निम्मे लोक इथेच अडकतात.

हेल्माँटचा विलो

सतराव्या शतकात व्हान हेल्माँट नावाच्या संशोधकानं कुंडीत 200 पौंड कोरडी माती घेतली, 5 पौंडांची विलोची फांदी लावली आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं सुमारे 169 पौंडांचं. माती कमी झाली जेमतेम दोन औंस. त्यानं निष्कर्ष काढला: झाड पाण्याचं बनतं. हा प्रयोग 1648 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, छापला गेला. प्रयोग उत्तम, निष्कर्ष चूक. गंमत अशी की 'गॅस' हा शब्द याच माणसानं रूढ केला, कोळसा जळताना निघणारा वायू त्यानं स्वतः अभ्यासला होता. झाडाचं उरलेलं वजन त्याच वायूतून येत होतं.

वाळलेल्या वनस्पतीच्या वजनात 40 ते 45 टक्के कार्बन असतो. पुढे 1779 मध्ये इंगेनहाउस यांनी पाण्यात बुडवलेली पानं उन्हात धरली तर बुडबुडे येतात आणि सावलीत थांबतात, हे दाखवलं. तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत हायड्रिलाचा प्रयोग केला असेल. चोचीच्या पात्रात नरसाळ्याखाली हायड्रिला, वर पालथी परीक्षानळी, नळीत जमणारा ऑक्सिजन. आणि बाई पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकायला सांगायच्या. तो का? कारण त्या पाण्यात कमी पडत होता तो कार्बन. आपल्या टँकचं अर्धं उत्तर त्या चिमटीत आहे.

पाण्यात वायूचे रेणू हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट हळू पसरतात. शिवाय खोलीतल्या हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला अर्धा मिलिग्रॅमच्या आसपास असतो. जोमदार टँकवाले तो 20 ते 30 मिलिग्रॅमपर्यंत नेतात. म्हणून कमी वाढीची तक्रार आली की मी खताच्या बाटलीआधी कार्बनबद्दल विचारतो.

तपासणीचा क्रम

शेतीरसायनात लीबिगच्या नावानं ओळखला जाणारा नियम सांगतो की वाढ ठरते ती सर्वांत कमी पडणाऱ्या घटकावर. पिंपाची एक फळी आखूड असेल तर बाकीच्या कितीही उंच करा, पाणी त्या आखूड फळीपाशीच सांडणार. तेव्हा आपलं काम म्हणजे आखूड फळी शोधणं. क्रमानं जाऊ.

एक. खरोखर काही बिघडलं आहे का? नर्सरीत पाणवनस्पती बहुतेक वेळा पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. पाण्याखाली गेल्यावर ती जुनी पानं निकामी होतात, विरघळतात. क्रिप्टोकोरिन तर आठवड्यात सपाट होतं. उरण-पनवेलकडे भाताची लावणी पाहिली असेल त्यांना हे सांगायला नको. रोप उपटून लावलं की काही दिवस पिवळं पडतं, मग मूळ धरतं. तेव्हा जुन्या पानांचा शोक करू नका. नवं पान कसं येतंय ते बघा, आणि तीन-चार आठवडे थांबा. दर रविवारी एकाच जागेवरून एक फोटो काढा. डोळ्यांची आठवण फार फसवी असते.

दोन. लावलं बरोबर आहे का? अनुबियास आणि जावा फर्न यांचं आडवं खोड खडीत पुरलं तर ते कुजतं. ते लाकडाला किंवा दगडाला दोऱ्यानं बांधायचं. उलट क्रिप्टोकोरिन मुळांतून खातं, त्याला तळात खत लागतं. ही चूक शून्य रुपयांत दुरुस्त होते, म्हणून ती आधी.

तीन. प्रकाश. टायमर लावा, सहा ते सात तास. खिडकीचं थेट ऊन पडत असेल तर तेही धरा. झाडं अशक्त असताना प्रकाश वाढवू नका. खाणं कमी असताना काम वाढवल्यासारखं होतं ते.

चार. कार्बन. इथे दोन प्रामाणिक मार्ग आहेत. एक, मंद प्रकाश, सावकाश वाढणारी झाडं, आणि सिलिंडर नाही. दुसरा, भरपूर प्रकाश आणि त्याला साजेसा कार्बन. त्रास होतो तो मधल्या मार्गात, म्हणजे दिवा दुसऱ्याचा आणि कार्बन पहिल्याचा. सिलिंडर असेल तर वायू दिव्याच्या तासभर आधी सुरू, दिव्याच्या तासभर आधी बंद, आणि तेही टायमरनं. रात्री झाडं कार्बन वापरत नाहीत, उलट तीही ऑक्सिजन घेतात. रात्रभर चालू ठेवलेला वायू माशांना मारतो.

किती आहे ते कळायचं कसं? ड्रॉप चेकर नावाची छोटी काचेची कुपी मिळते. निळा रंग म्हणजे कमी, हिरवा म्हणजे ठीक, पिवळा म्हणजे धोका. तिला बदलायला तास-दोन तास लागतात हे ध्यानात ठेवा. ज्यांना आकडे आवडतात त्यांच्यासाठी हिशेब असा: केएच, म्हणजे कार्बोनेटचा जडपणा, 4 असेल आणि पीएच 7.6 असेल तर कार्बन डायऑक्साइड लिटरला सुमारे 3 मिलिग्रॅम. त्याच पाण्यात पीएच 6.6 झाला तर सुमारे 30. पीएच एक अंकानं उतरला की वायू दहापट. म्हणून नळ थोडासाच फिरवायचा, एका दिवसात थोडासाच. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले तर चर्चा नको. वायू बंद, पाणी हलवा, थोडं पाणी बदला.

पाच. खत. इथे पान स्वतः बोलतं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम झाडाला एका पानातून दुसरीकडे हलवता येतात. कमी पडलं की झाड जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. म्हणून जुनी पानं पिवळी, जुन्या पानांना टाचणीच्या भोकांसारखी छिद्रं, तर बहुधा या गटातलं काही कमी. पालाश कमी असेल तर छिद्रं हमखास दिसतात. लोह आणि कॅल्शियम हलवता येत नाही. ते कमी पडलं की नवा शेंडा पांढरा पडतो किंवा वेडावाकडा येतो. झाड बघताना पहिला प्रश्न हाच: दुखणं खाली आहे की वर?

खतासाठी महागड्या बाटल्याच हव्यात असं नाही. आपले द्राक्षबागाईतदार ठिबकातून सोडतात ते 13:0:45, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम टाकलं की नायट्रेट लिटरला पावणेसहा मिलिग्रॅमच्या आसपास वाढतं. नायट्रेट 10 ते 20 च्या दरम्यान ठेवलं तर बहुतेक टँक खूष. स्फुरदासाठी 0:52:34, तेही ग्रॅमच्या दहाव्या भागात. पण कृषी दुकानातली 19:19:19 ची पिशवी टँकजवळही नेऊ नका. त्यातला बराचसा नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतो. कोकणातल्या कोमट पाण्यात, पीएच 7 च्या वर, तो अमोनिया माशांच्या कल्ल्यांना जाळतो. सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या मिश्रणात तांबं असतं, झिंगे पाळणाऱ्यांनी त्याची मात्रा जपून घ्यावी.

उरणच्या बाजूचं पाणी

आता जागेचा मुद्दा, कारण कारणमीमांसा जागा सोडून होत नाही. उरण-न्हावा शेवा पट्ट्यात पाणी मुख्यतः धरणांचं, रानसई आणि हेटवणे. डोंगरउतारावर साठलेलं पावसाचं पाणी, सहसा फार जड नसतं. झाडांना हे पाणी मानवतं. तरी बरेच जण ते आरओमधून काढून टँकमध्ये घालतात. शुद्ध ते चांगलं, या समजुतीनं. आरओमध्ये कॅल्शियम, मॅग्नेशियम, केएच सगळंच जातं. मग नवे शेंडे वाकडे येतात, आणि केएच नसल्यामुळे पीएच एकदम कोसळू शकतो. असं पाणी वापरायचंच असेल तर नळाच्या पाण्यात मिसळून वापरा. मॅग्नेशियमसाठी एप्सम सॉल्ट, शंभर लिटरला एक ग्रॅम टाकलं की लिटरला साधारण एक मिलिग्रॅम मॅग्नेशियम मिळतं.

उन्हाळ्यात टँकर किंवा बोअरचं पाणी येतं तेव्हा गोष्ट वेगळी. ही मिठागरांची आणि खाजणांची जमीन आहे. किनाऱ्याजवळच्या बोअरमध्ये खारेपणा शिरतो. टीडीएस मीटर फक्त एकूण क्षार सांगतो. ते कॅल्शियमचे की मिठाचे, हे सांगत नाही. 400 चा आकडा दोन घरांत दोन वेगळ्या गोष्टी सांगत असू शकतो. इमारतीची नवी सिमेंटची टाकी असेल तर तिचा चुना पाण्यात उतरतो, तेही लक्षात घ्या. आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनची मात्रा वाढली असेल, तर पाणी दिवसभर उघडं ठेवा किंवा क्लोरीन घालवणारं औषध वापरा.

उष्णता हा इथला दुसरा पाहुणा. मे महिन्यात टँक 31-32 अंशांवर जातो. कोमट पाण्यात वायू कमी विरघळतात आणि झाडांचा श्वास वाढतो, म्हणजे मिळकत कमी, खर्च जास्त. पुण्यात पाण्यावर पंखा लावला की दोन-तीन अंश सहज उतरतात. इथल्या दमट हवेत बाष्पीभवनच कमी, म्हणून पंख्याचा गुणही कमी. मग शहाणपण असं की या हवेत रुळणारी झाडं निवडावीत: व्हॅलिस्नेरिया, हायड्रिला, हायग्रोफिला, सेराटोप्टेरिस. क्रिप्टोकोरिनच्या काही जाती तर आपल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांतल्याच आहेत.

आता त्या गृहस्थांचा टँक

लक्षणं पुन्हा मांडू. व्हॅलिस्नेरिया जोरात, रोटालाचे नवे शेंडे फिके. दुखणं वर आहे, म्हणजे लोहाकडे बोट. पण लोहाची बाटली तर ते ओतत होते. मग? व्हॅलिस्नेरियाला विरघळलेला वायू मिळाला नाही तर ती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढू शकते. रोटालाला ते जमत नाही. म्हणजे पाण्यात बायकार्बोनेट भरपूर आणि मोकळा वायू कमी असावा. मी त्यांना पीएच मोजायला सांगितला. नळाचा 7.4, टँकचा 8. हा फरक आला कुठून?

खडी कुठली, असं विचारलं. ते म्हणाले, पिरवाडीच्या किनाऱ्यावरून नातवंडांनी गोळा केलेले शिंपले घातलेत, छान दिसतात. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तो सावकाश विरघळतो, केएच आणि पीएच चढवतो. पीएच चढला की साध्या ईडीटीए लोहाचा उपयोग राहत नाही. साडेसहाच्या वर त्याची पकड सैल होते आणि लोह गंजासारखं तळाशी बसतं.

हा अजून तर्क होता, सिद्ध झालेलं काही नव्हतं. म्हणून दोन बादल्या. दोन्हीत तेच नळाचं पाणी, एकीत मूठभर शिंपले. बाकी सगळं सारखं. आठवड्यानं पहिल्या बादलीत केएच 3 चा 3, दुसरीत 6. मिल यांनी 1843 च्या तर्कशास्त्रावरच्या ग्रंथात याला व्यतिरेकाची पद्धत म्हटलंय आणि आपले नैयायिक अन्वय-व्यतिरेक म्हणतात: असताना असणं, नसताना नसणं. खर्च किती? दोन बादल्या.

मग एकेक बदल, प्रत्येकामध्ये दोन आठवडे. आधी शिंपले बाहेर आणि पाणी थोडं थोडं बदलणं. मग दिवा परत सहा तासांवर. मग वायू टायमरवर, हळू. खत सर्वांत शेवटी, आणि लोह डीटीपीए प्रकारचं, जे साडेसातपर्यंत टिकतं. सगळं एकदम केलं असतं तरी कदाचित टँक सुधारला असता. पण का सुधारला ते कळलं नसतं, आणि पुढच्या वेळी पुन्हा सात मासे पणाला लागले असते. एकच अपवाद: मासे तडफडत असतील तर प्रयोगाची शिस्त बाजूला ठेवायची आणि आधी त्यांना वाचवायचं. ज्ञानापेक्षा जीव आधी.

प्रश्नोत्तरं

प्रश्न : सर, साखर आणि यीस्टची बाटली चालेल का?
उत्तर : लहान टँकला चालते, पण ती बंद करता येत नाही आणि गरमीत एकदम जोर धरते. रात्री पाणी हलतं ठेवा. काळं केसाळ शेवाळ येतं ते बहुधा कार्बन असा कमी-जास्त होत राहिला की.

प्रश्न : बाजारात 'लिक्विड कार्बन' मिळतं, ते?
उत्तर : ते बहुतेक ग्लुटारल्डिहाइड असतं, जंतुनाशक वर्गातलं रसायन. शेवाळ मारतं खरं, पण व्हॅलिस्नेरियालाही विरघळवू शकतं. हाताळताना हातमोजे घाला. वायूची जागा ते घेत नाही.

प्रश्न : झाडं जोरात वाढली तर जादा छाटण्या कुठे टाकायच्या? आमच्याकडे काही जण तलावात सोडतात.
उत्तर : हे कृपा करून करू नका. जलपर्णीनं आपल्या नद्यांचं काय केलं ते आपण बघतो आहोत, आणि तीही कुणीतरी सुंदर फुलांसाठीच इथे आणली होती. उरणला पाणजेसारख्या पाणथळ जागा आहेत, तिथे दरवर्षी पक्षी उतरतात. टँकमधलं झाड, गोगलगाय, मासा, काहीच उघड्या पाण्यात सोडायचं नाही. छाटणी उन्हात कडक वाळवायची आणि कुंडीत टाकायची. खत उत्तम होतं.

वेळ संपली. पुढच्या व्याख्यानाला याल तेव्हा ज्यांच्या घरी टँक आहे त्यांनी चार रविवारचे चार फोटो आणा, आपण सगळे मिळून बघू.